अठ्ठेचाळीस पॉइंटांचा आराखडा

१९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, डेस्कवर ह्यू पॅडगम. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून वाजवायच्या खोलीत एक माइक टांगलेला होता. कोणी जवळून बोललं काय, कोपऱ्यातून पुटपुटलं काय, सारखंच ऐकू यावं म्हणून त्या माइकच्या वाटेवर जबर कॉम्प्रेसर होता. कॉलिन्स वाजवत असतानाच पॅडगमने त्या माइकचं बटण दाबलं आणि स्पीकरमधून ड्रमचा असा प्रचंड, अंगावर येणारा आवाज आला की तोच हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अडचण एवढीच होती, की तो माइक फक्त बोलणं ऐकण्यासाठी होता. त्याचा सिग्नल रेकॉर्डिंगच्या चॅनेलवर न्यायची सोयच डेस्कवर नव्हती. अखेर तंत्रज्ञांनी डेस्कच्या आतली जोडणी बदलून दिली. १९८० च्या ‘इंट्रुडर’ या गाण्यात तो आवाज उमटला, आणि पुढच्याच वर्षी ‘इन द एअर टुनाइट’ने तो जगभर पोचवला.

आवाज खोलीत हजर होता, त्याला बाहेर यायला वाट नव्हती. घरगुती स्टुडिओत हे रोज घडतं. कॉम्प्रेसर रॅकमध्ये बसलेला असतो, पण त्याची सॉकेट भिंतीच्या बाजूला. रिव्हर्बचं यंत्र असतं, पण ते लावायचं तर सिंथेसायझरची लाइन काढावी लागते. गायक माइकसमोर उभा, गळा तापलेला, आणि स्टुडिओचा मालक मोबाइलचा टॉर्च लावून रॅकच्या मागे आडवा झालेला. पाच मिनिटांनी तो बाहेर येतो तेव्हा गायकाचा सूर उतरलेला असतो. आणलेलं यंत्र केवळ जोडायचा कंटाळा येतो म्हणून वर्षानुवर्षं बंद राहिल्याची उदाहरणं तर कोणत्याही होम स्टुडिओत सापडतील.

या दुखण्यावरचा उपाय म्हणजे पॅचबे. एकोणीस इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर रुंदीची आणि १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंचीची एक पट्टी. तिच्यावर सॉकेटांच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत २४. स्टुडिओतल्या सगळ्या यंत्रांची इनपुट आणि आउटपुट एकदाच कायमची तिच्या पाठीला जोडायची. त्यानंतर कोणत्याही यंत्राच्या मागे हात घालायचा नाही. जी काही अदलाबदल करायची, ती समोरून छोट्या पॅच कॉर्डने.

कल्पना टेलिफोनवाल्यांची. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे पहिलं व्यापारी टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं, मुंबईत ते १८८२ मध्ये आलं. ग्राहक वाढत गेले तसे एक्सचेंजचे बोर्ड सॉकेटांच्या ओळींनी भरत गेले, आणि ऑपरेटर एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याच्या लाइनला हाताने जोडून देऊ लागल्या. त्या बोर्डासाठी घडवलेला पाव इंची प्लग पुढे नभोवाणी केंद्रांत आणि स्टुडिओंत आला. इलेक्ट्रिक गिटारला आज जो ६.३५ मिलिमीटरचा प्लग लागतो, तो याच घराण्यातला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या दुकानात तो ‘पी-३८’ या नावाने मागावा. टोक, मधलं कडं आणि दांडा असे तीन संपर्क असलेला हवा असेल, तर ‘स्टिरिओ पी-३८’. तंत्रज्ञ त्याला टीआरएस म्हणतात. माइकचा तीन पिनांचा एक्सएलआर मागायचा तर ‘कॅनन’ म्हणावं.

घरात पॅचबेची गरज निर्माण झाली ती गेल्या चार-पाच दशकांत. १९७९ मध्ये टीअॅक कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारा ‘पोर्टास्टुडिओ’ काढला. त्याच्यावर ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरातल्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९८२ मध्ये तीच ‘नेब्रास्का’ या अल्बमच्या रूपाने बाजारात आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अॅलिसिसच्या एडॅट यंत्राने व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक आणून दिले. तीन एडॅट जोडली की चोवीस ट्रॅक, म्हणजे घरातच चोवीस लाइन जाणाऱ्या आणि चोवीस येणाऱ्या. भारतात त्याच सुमारास चेन्नईच्या कोडंबक्कममध्ये ए. आर. रहमान घराला लागूनच्या ‘पंचतन रेकॉर्ड इन’ या स्वतःच्या स्टुडिओत काम करत होते. १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटामुळे रहमान हे नाव देशाला कळलं.

नॉर्मल कशाला म्हणायचं

पॅचबे विकत घेणं सोपं आहे. अठ्ठेचाळीस पॉइंटांचे, पाठीमागेही पी-३८ सॉकेट असलेले बे भारतात मिळतात आणि ते घरगुती स्टुडिओच्या आवाक्यात असतात. खरं काम त्यानंतरचं: कॉर्ड लावलेली नसताना सिग्नल कुठून कुठे जावा, हे ठरवायचं. त्या आपोआप होणाऱ्या जोडणीला ‘नॉर्मल’ म्हणतात आणि पॅचबेची सगळी करामत तिच्यात आहे.

पद्धत अशी, की वरच्या ओळीत आउटपुट, म्हणजे सिग्नल जिथून निघतो ते, आणि खालच्या ओळीत इनपुट, म्हणजे तो जिथे पोचतो ते. प्रत्येक सॉकेटच्या आत पितळी पट्टीचा एक छोटा स्प्रिंग-संपर्क असतो. प्लग आत गेला की पट्टी उचलली जाते आणि तिची जोडणी तुटते. वरच्या आणि खालच्या सॉकेटांतल्या या पट्ट्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत, त्यावरून तीन प्रकार पडतात.

पहिला फुल नॉर्मल. कॉर्ड नसताना वरचा सिग्नल खाली जातो. वर किंवा खाली कुठेही प्लग लावला की ती वाट तुटते. दुसरा हाफ नॉर्मल. वर प्लग लावला तरी खालची जोडणी शाबूत राहते, त्यामुळे सिग्नल दोन्हीकडे मिळतो. खाली लावला तरच जुनी वाट तुटते आणि नव्या कॉर्डमधला सिग्नल आत शिरतो. तिसरा थ्रू, म्हणजे वर-खाली काहीच संबंध नाही, कॉर्ड लावल्याशिवाय काही होणार नाही. रेल्वेच्या सांध्यासारखंच हे आहे: कोणी हात लावला नाही तर गाडी मेन लाइननेच जाते, सांधा बदलला तरच ती दुसऱ्या रुळावर वळते.

घरगुती स्टुडिओत बहुतेक जागी हाफ नॉर्मलच उपयोगी पडतो. माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपचं आउटपुट नेहमीप्रमाणे संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसला जात राहतं आणि त्याच वेळी वरून एक कॉर्ड काढून तोच सिग्नल दुसऱ्या यंत्रालाही देता येतो. एका आउटपुटमधून दोन इनपुट चालवायला हरकत नसते, कारण लाइन आउटपुटचा इम्पीडन्स साधारण शे-दीडशे ओहम आणि इनपुटचा दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. दोन इनपुट समांतर लावले तरी पाच हजार उरतात. उलट व्यवहार मात्र कधीच करू नये. दोन आउटपुट एका इनपुटला थेट जोडली तर ती एकमेकांवरच भार टाकतात, आवाज खराब होतो. दोन आवाज एकत्र करायचे तर मिक्सर हवा.

बाजारातल्या बेमध्ये हा प्रकार बदलायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. बेरिंगरच्या पीएक्स-३००० मध्ये प्रत्येक जोडीसाठी वर छोटा स्विच असतो. न्यूट्रिकच्या बेमध्ये प्रत्येक जोडीचं कार्ड काढून उलटं बसवावं लागतं. रॅकमध्ये स्क्रू आवळल्यावर वरच्या स्विचपर्यंत हात पोचत नाही, म्हणून हे सगळं टेबलावरच उरकून घ्यावं.

आधी कागद

अनुभवी इंजिनिअर पॅचबे बसवताना पहिल्या दिवशी सोल्डरिंग गन काढत नाहीत. ते कागद घेतात. एका बाजूला स्टुडिओतल्या प्रत्येक आउटपुटची यादी, दुसऱ्या बाजूला प्रत्येक इनपुटची. मग एकच प्रश्न: दहापैकी नऊ वेळा या आउटपुटचा सिग्नल कुठे जातो? जे उत्तर येईल, ते त्या रकान्याचं नॉर्मल. हा कागद नीट झाला, की उरतं ते हातकाम. तो अर्धवट राहिला, तर महागातला बेही कॉर्डच्या गुंत्यात हरवतो.

एक नमुना पाहू. दहा बाय बाराची खोली. आठ लाइन इनपुट आणि आठ आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस. दोन चॅनेलचा माइक प्रीअँप, स्टिरिओ कॉम्प्रेसर, रिव्हर्बचं यंत्र, सिंथेसायझर, हेडफोन अँप, आणि शास्त्रीय गायन रेकॉर्ड होतं म्हणून लाइन आउट असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. इंटरफेसची १ आणि २ नंबरची आउटपुट थेट मॉनिटर स्पीकरना जातात. ती बेवर आणूच नयेत, कारण चुकीच्या क्षणी चुकीची कॉर्ड लागली तर स्पीकर आणि कान दोन्ही धोक्यात येतात.

आता रकाने. १ आणि २: वर प्रीअँपची आउटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट १-२. ३ आणि ४: वर सिंथ, खाली इनपुट ३-४. ५: वर तानपुरा, खाली इनपुट ५. ६: वर काही नाही, खाली इनपुट ६, पाहुण्या यंत्रासाठी. ७ आणि ८: वर रिव्हर्बची आउटपुट, खाली इनपुट ७-८. ९ आणि १०: वर इंटरफेसची आउटपुट ३-४, खाली हेडफोन अँप. ११ आणि १२: वर आउटपुट ७-८, खाली रिव्हर्बचे इनपुट. १३ आणि १४: वर आउटपुट ५-६, खाली कॉम्प्रेसरचे इनपुट. इथपर्यंत सगळे हाफ नॉर्मल. १५ आणि १६: वर कॉम्प्रेसरची आउटपुट, खाली रिकामं, थ्रू. शेवटचे आठ रकाने मोकळे. पुढच्या वर्षी नवं यंत्र येतंच, तेव्हा ते लागतात.

या मांडणीत कॉर्ड एकही न लावता माइक, सिंथ आणि तानपुरा रेकॉर्ड होतात, गायकाला हेडफोनमध्ये ऐकू येतं आणि रिव्हर्ब चालतो. आता गायिकेचा आवाज कॉम्प्रेसरमधून रेकॉर्ड करायचा आहे. दोन कॉर्ड पुरतात. पहिली १ नंबरच्या वरच्या पॉइंटमधून १३ च्या खालच्या पॉइंटात, म्हणजे प्रीअँपमधून कॉम्प्रेसरमध्ये. दुसरी १५ च्या वरच्या पॉइंटमधून १ च्या खालच्या पॉइंटात, म्हणजे कॉम्प्रेसरमधून इंटरफेसमध्ये. खालच्या पॉइंटात प्लग गेल्यामुळे प्रीअँपची थेट वाट आपोआप तुटते. काम झालं की दोन्ही कॉर्ड काढायच्या, स्टुडिओ पुन्हा जागेवर.

या आखणीत एक सापळा मुद्दाम टाळला आहे. कॉम्प्रेसरचं आउटपुट वर आणि त्याचाच इनपुट खाली, अशी एकाच रकान्यात जोडी लावली आणि ती हाफ नॉर्मल राहिली, तर यंत्राचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये शिरतं. मग शिट्टी आणि किंकाळी. अशी जोडी लावायचीच असेल तर तो रकाना थ्रू हवा.

काय बेवर आणू नये

सिग्नल दिसायला सारखेच, पण त्यांच्या ताकदीत फार फरक असतो. व्यावसायिक यंत्रांची नेहमीची लेव्हल अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती दर्जाच्या यंत्रांची उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. या दोहोंत जवळपास १२ डेसिबलचा फरक पडतो. हे दोन्ही एका बेवर चालतात, फक्त कॉर्ड लावल्यावर लेव्हल सांभाळावी लागते. माइकचा सिग्नल मात्र काही मिलिव्होल्टांचाच असतो. म्हणून माइक आधी प्रीअँपला द्यावा आणि प्रीअँपचं आउटपुट बेवर आणावं.

माइकची लाइन थेट बेवर न आणण्याला फँटम पॉवर हे आणखी एक कारण. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज माइकच्याच तारेतून जाते. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी न्यूमन कंपनीने ही पद्धत आणली. त्या केंद्रांत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता, तोच आकडा पुढे जगाचा झाला. एक्सएलआरमध्ये सिग्नलच्या दोन्ही पिना एकाच वेळी जुळतात. पी-३८ मात्र आत सरकताना त्याचं टोक आणि कडं वाटेतल्या संपर्कांना घासत जातात, आणि क्षणभर एका तारेला वीज, दुसरीला नाही अशी स्थिती येते. रिबन माइकची केसाहून पातळ पट्टी अशा झटक्याने ताणली जाऊ शकते. माइकच्या लाइन बेवर घ्यायच्याच असतील तर त्या एक्सएलआरच्या वेगळ्या पॅनेलवर घ्याव्यात, आणि कॉर्ड बदलण्याआधी फँटम बंद करून थोडं थांबावं.

पॉवर अँपची स्पीकरला जाणारी लाइन बेवर कधीच नको. डिजिटल सिग्नलही नकोत: एस-पीडिफला ७५ ओहमची आणि एईएस-३ ला ११० ओहमची तार लागते, पी-३८ सॉकेटांना त्याचा हिशोब नसतो. इलेक्ट्रिक गिटार थेट पिकअपमधून येत असेल तर तीही थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच द्यावी. कारण साधं गणित. ऑडिओ केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरली तर दहा मीटरला १००० होते. लाइन आउटपुटच्या दीडशे ओहमसमोर तिचा परिणाम एक मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो, माणसाच्या कानाच्या फार पलीकडे. गिटारच्या पिकअपचा इम्पीडन्स मात्र हजारो ओहमचा. त्याच्यासमोर तीच केबल ऐकू येणाऱ्या पट्टीतला तार सूर खाते.

तार, डाग आणि शील्ड

पॅचबेच्या पाठीला पी-३८ सॉकेट असतील तर तयार केबल लावता येतात. मोठ्या बेच्या पाठीला सोल्डरच्या टोकदार पट्ट्या किंवा पंचवीस पिनांचे डीबी-२५ कनेक्टर असतात. एका डीबी-२५ मधून आठ चॅनेल जातात. टॅस्कॅमने रूढ केलेल्या पिनांच्या क्रमाला पुढे एईएस-५९ हे मानक मिळालं. काही यंत्रं वेगळा क्रम वापरतात, तेव्हा केबल घेण्याआधी दोन्ही बाजूंची पत्रकं समोरासमोर ठेवून पाहावीत. व्यावसायिक स्टुडिओंत ४.४ मिलिमीटरच्या बारीक प्लगचे बॅंटम बे असतात. त्यांत एकाच पट्टीवर ९६ पॉइंट मावतात, पण कॉर्ड आणि सॉकेट महाग पडतात. जुन्या ब्रिटिश बेमध्ये टेलिफोन खात्याच्या मापाचे प्लग असतात. त्यांचं टोक बारीक असतं. तिथे साधा पी-३८ कोंबला तर आतली पट्टी वाकते.

केबल स्वतः करायच्या ठरवल्या तर पसारा किती, तो आधी मोजावा. पूर्ण भरलेल्या बेला ४८ केबल. प्रत्येकीत गरम, थंड आणि शील्ड अशा तीन वाटा. दोन टोकं. सोल्डरचे एकूण २८८ डाग. हे काम एका रात्रीत उरकायचं नसतं. दमलेल्या हाताने मारलेला एक कच्चा डाग नंतर शोधायला अख्खी सुट्टी घेतो.

कथील आणि शिसं ६३-३७ प्रमाणात असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं आणि झटकन घट्ट होतं, म्हणून नवख्या हाताला ते सोपं जातं. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. शिश्याचं सोल्डर वापरताना खिडकी उघडी, आणि काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ. आधी तारेला आणि सॉकेटच्या पट्टीला वेगवेगळं सोल्डर लावून घ्यावं, मग दोन्ही एकत्र धरून क्षणभर उष्णता द्यावी. चांगला डाग गुळगुळीत दिसतो आणि तारेच्या कडेने पसरलेला असतो. गोळ्यासारखा टेकलेला डाग वरून धरलेला दिसला तरी आत सुटलेला असतो. श्रिंक स्लीव्ह तारेत आधी सरकवावी. डाग मारून झाल्यावर ती आठवली तर तो पुन्हा सोडवावा लागतो.

जोडणीचा नियम जगभर एकच. एक्सएलआरची पिन २, पी-३८ चं टोक: गरम. पिन ३, कडं: थंड. पिन १, दांडा: शील्ड. गरम आणि थंड उलटे झाले तर आवाज येत राहतो, पण त्याची दिशा उलटते. स्टिरिओच्या एका बाजूला असं झालं, की दोन्ही बाजू मोनोत एकत्र करताना मधला आवाज, म्हणजे बहुधा गायकाचाच, पोकळ होतो किंवा नाहीसा होतो.

गरम आणि थंड अशा दोन तारांची ही बॅलन्स्ड लाइन गोंगाट कसा टाळते, याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. दोन तारांत उलटसुलट सिग्नल असतो हा भाग दुय्यम. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखा शिरावा आणि पलीकडच्या यंत्राने दोहोंतला फक्त फरक घ्यावा, हे तत्त्व. त्यासाठी दोन्ही तारांचा इम्पीडन्स तंतोतंत सारखा हवा. एक कच्चा डाग हा समतोल बिघडवतो. अमेरिकन अभियंता नील मन्सी यांनी १९९५ मध्ये दुसरा दोष दाखवून दिला. अनेक यंत्रांत शील्डची तार पेटीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असते, आणि शील्डने अडवलेला गोंगाट थेट सर्किटमध्ये सोडला जातो. शील्ड आत शिरताच पेटीला जोडावी, असं एईएस-४८ हे मानक पुढे सांगू लागलं.

पॅचबेमध्ये हा प्रश्न दुप्पट होतो, कारण अनेक यंत्रांच्या शील्ड एका पत्र्याजवळ येतात. काही बेमध्ये सगळ्या सॉकेटांचे दांडे आतून एकमेकांना जोडलेले असतात, काहींत प्रत्येक वेगळा. मल्टिमीटरने हे आधी तपासावं. माइकच्या लाइनला शील्ड दोन्ही टोकांना हवीच, कारण फँटमची वीज तिच्यातूनच परत येते. लाइन लेव्हलच्या केबलसाठी कोणतीही एक पद्धत ठरवावी आणि सगळीकडे तीच पाळावी. अर्ध्या केबल एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने झाल्या, तर हम, म्हणजे विजेची गुणगुण, कुठून येते ते शोधताना दिवस जातो.

भारतातली वीज ५० हर्ट्झची. तिचा हम ५० आणि १०० हर्ट्झला येतो, म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाच्या शेजारी. सगळी ऑडिओ यंत्रं एकाच सॉकेटवरून घेतलेल्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. पंख्याचा रेग्युलेटर, दिव्यांचा डिमर, लॅपटॉपचा चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या वायरी ऑडिओ केबलपासून लांब ठेवाव्यात. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकायची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ अशी अवस्था असलेल्या गायकाच्या अंगातून तीच वीज जाऊ शकते. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर रॅक घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

तपासणी आणि देखभाल

प्रत्येक केबल बेला लावण्याआधी मल्टिमीटरवर टोक ते टोक, कडं ते कडं, दांडा ते दांडा बीप वाजायला हवा, आणि टोक ते कडं मुळीच नको. मग संगणकातून एक किलोहर्ट्झचा सूर प्रत्येक वाटेने पाठवून लेव्हल लिहून घ्यावी. एखादी वाट बाकीच्यांपेक्षा ६ डेसिबलने कमी दिसली, तर बहुधा तिची एक तार सुटली आहे किंवा कुठेतरी मोनो प्लग लागला आहे. बेच्या मागे केबलला हातभर ढील सोडावी म्हणजे पट्टी समोर ओढून दुरुस्त करता येते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर हवेत, आणि तेच नंबर कागदावर.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत सॉकेटातल्या पट्ट्या काळवंडतात. तक्रार नेहमी सारखीच असते: कॉर्ड लावली की आवाज येतो, काढली की खरखरतो किंवा गायब होतो. बिघाड नॉर्मलच्या पट्टीचा असतो, कारण तिला कोणी हात लावत नाही. प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर केला की बहुतेकदा संपर्क घासून स्वच्छ होतो. न झाल्यास प्लगच्या टोकाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब लावून तेच करावं, सॉकेटात फवारा मारू नये. पावसाळा संपला की सगळे पॉइंट एकदा असे फिरवून घेतले तर ऐन रेकॉर्डिंगमध्ये खोळंबा होत नाही. कॉर्ड ड्रॉवरमध्ये कोंबण्यापेक्षा खुंटीला टांगाव्यात.

एक माइक, दोन इनपुटांचा इंटरफेस आणि लॅपटॉप एवढ्यावर ज्यांचं काम चालतं, त्यांनी पॅचबे घेऊ नये. प्रत्येक जादा संपर्क म्हणजे बिघाडाची एक जादा जागा, आणि उत्तम गाणी झोपायच्या खोलीत, पॅचबेशिवाय झालेली आहेत. पण रॅकमध्ये तीन-चार यंत्रं जमली असतील, आणि त्यांतलं एखादं केवळ मागची वायर बदलायचा कंटाळा म्हणून महिनोन्महिने बंद पडून असेल, तर विचार जरूर करावा. तसा विचार करणाऱ्या वाचकाने दुकानात जाण्याआधी इनपुट आणि आउटपुटची यादी लिहावी, प्रत्येक जोडीसमोर फुल, हाफ की थ्रू ते नोंदवावं, आणि बे बसल्यावर त्या कागदाची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी.